भिंगरीचा उरलेला दम

३ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

तुम्ही मला पाहिलंय, पण लक्षात नसेन. हॉस्पिटलच्या जिन्यात डबा धरून उभा असलेला उंच, वाकलेला माणूस, तो मी. फोन केला की काकू उचलतात आणि "ते कुणाशी बोलत नाहीत हल्ली" म्हणून ठेवतात. त्यांचं बरोबरच आहे. म्हणून हे पत्र.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. पण तुमच्या मुलीनं माझं नाव घरी सांगितलं असेल ते 'सूत्रधार' म्हणून. पाच वर्षं दर रविवारी दुपारी ती आमच्याकडे खेळायला यायची. लाँड्रीच्या वर आमची खोली आहे, खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कायम कोमट असते. टेबलाभोवती आम्ही चौघं. मी गोष्ट सांगतो आणि बाकी तिघांचं प्रत्येकी एक पात्र असतं. मी म्हणणार, "समोर खंदक, मागे कुत्री. ती काय करते?" मग तिनं काय करायचं ते सांगायचं आणि फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडले तर जमलं. दोन-तीन पडले तर फसलं. एक पडला तर पुरता विचका. एवढाच खेळ. लहान मुलांचा वाटेल, पण आमच्यात सगळ्यात लहान आहे ती एकोणतीस वर्षांची.

तुमच्या मुलीचं पात्र म्हणजे भिंगरी. हत्यार नाही, चिलखत नाही, नुसते हात-पाय. भिंतीवर चढणार, कौलांवरून पळणार, आडदांड माणसाला त्याच्याच वजनानं खाली पाडणार. नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी आम्ही जिथे थांबलो तिथे भिंगरी तुरुंगाच्या दुमजली बुरुजावरून समोरच्या छपराकडे झेपावली होती. तिचे दोन सोबती खाली कोठडीत आणि कोठडीची किल्ली तिच्या दातात. फासा टाकायचा तेवढ्यात तुमच्या मुलीला थंडी वाजायला लागली. "पुढच्या रविवारी टाकते," म्हणाली आणि घरी गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शांतपणे गेली असं कळलं, तेवढंच समाधान.

तर भिंगरी दोन महिने हवेतच आहे. आम्हाला तिला योग्य निरोप द्यायचाय. दोन मार्चला शेवटचा डाव ठेवलाय. आमच्यात पहिल्यापासून पद्धत अशी की ज्याच्या पात्राची फेक, त्याच्याच फाशानं टाकायची. तिचा पितळी फासा तुमच्याकडे असेल. तेवढा पाठवाल का? डाव झाला की स्वतः आणून देईन.

तुमचा,
सूत्रधार


९ फेब्रुवारी

सूत्रधार यांस,

पत्र मिळाले. फासा पाठवता येणार नाही.

तो तिच्या टेबलावर, पेन ठेवायच्या कपात आहे. ती खोली तिच्या आईने होती तशी ठेवली आहे. मी तेथे फक्त खिडकी उघडायला आणि लावायला जातो.

फासा मी केलेला आहे. पाच वर्षांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांचे स्वतःचे फासे आहेत, माझाच नाही." माझ्याकडे नोकरीतले एक रद्द झालेले पितळी वजन होते. ते करवतीने कापून, कानशीने घासून मी तो घडवला. सहाही बाजू मोजून एकसारख्या केल्या आहेत.

तुम्ही योग्य निरोप असे लिहिले आहे. म्हणजे काय करणार, ते लिहिलेले नाही. खेळाचे नियम लेखी असतील तर पाठवावेत. तिच्या पात्राची काही नोंद असेल तर तीही पाहू इच्छितो. माझी मुलगी जिनासुद्धा कठड्याला धरून उतरायची. छपरांवरून उड्या मारणारे हे कोण, ते मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त वजनमापे तपासनीस
(तिचे वडील)


१४ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

सोबत नियमवहीची प्रत पाठवतोय. मीच लिहिली आहे, अक्षराला हसू नका. शिवाय भिंगरीचा कागद. त्याच्या उजव्या कोपऱ्यात भोक पडलंय, कारण दम तिथे लिहितात आणि खोडतात. दम म्हणजे पात्रात किती जीव उरलाय तो. सगळ्यांना पाच मिळतात. मार बसला की एकेक खोडायचा, विश्रांती मिळाली की परत लिहायचा. भिंगरी इतक्या वेळा मरता मरता वाचलीय की कागदच झिजला. सध्या तिच्याकडे तीन आहेत.

जिन्याचं वाचून आम्ही तिघंही हसलो. आमच्या खोलीचा जिनाही ती तशीच चढायची. एकेक पायरी, मध्ये थांबून लाँड्रीवाल्याशी गप्पा. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून कान किटलेले असायचे तिचे. आणि खुर्चीत बसली रे बसली की, "सूत्रधार, मी भिंतीवर पाय देऊन उलटी फिरते आणि त्या जाड्याच्या टाळक्यावर बसते." पात्राला नाव काय ठेवू म्हणून काकूंना विचारलं होतं म्हणे. काकू म्हणाल्या, "भिंगरी ठेव. रविवार आला की तुझ्याच पायाला लागलेली असते."

आमचा ढाल, म्हणजे ढाल घेऊन पुढे उभा राहणारा राक्षस, खऱ्या आयुष्यात बेकरीत पीठ मळतो. त्याच्या जिवावर भिंगरीनं चार वर्षं उड्या मारल्या. तो म्हणतो, "काकांना सांग, माझ्या खांद्यावर तिच्या टाचांचे वळ आहेत अजून." आणि आजोबा, म्हणजे आमची चित्रकलेची बाई, जी म्हाताऱ्या मांत्रिकाचं पात्र खेळते, तिनं निरोपाचं चित्रही काढलंय.

निरोप असा ठरवलाय. भिंगरीची झेप चुकते. पडता पडता ती किल्ली कोठडीच्या झरोक्यातून आत फेकते. सोबती सुटतात, शहर सुटतं. चौकात तिचा पुतळा उभा राहतो. तिला शोभेल असं मरण.

फासा नाही पाठवलात तरी तुमच्यावर राग नाही. पण पाठवायचा विचार झालाच तर डब्यात घालून तसाच पाठवा. उगाच टाकून वगैरे बघू नका.

सूत्रधार


२७ फेब्रुवारी

सूत्रधार यांस,

उगाच टाकून बघू नका, असे तुम्ही लिहिलेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला हे वाक्य अनेकांनी ऐकवले आहे. "साहेब, तेवढं वजन राहू द्या, ते चांगलं आहे." मी नेहमी तेच वजन आधी उचलत असे.

मी फासा टाकून पाहिला. जेवणाच्या टेबलावर जाड कापड घालून, पेल्यातून, रोज दीडशे वेळा, चार दिवस. एकूण सहाशे फेका झाल्या. सरळ फाशाचा प्रत्येक आकडा सहाशेत शंभराच्या आसपास पडायला हवा. एक पडला एकशे एकोणपन्नास वेळा. सहा पडला बासष्ट वेळा.

फासा खोटा आहे.

कारण मला दुसऱ्या दिवशीच समजले होते. बाकीच्या फेका खात्री करण्यासाठी टाकल्या. पितळी वजनाच्या पोटात एक भोक असते आणि त्यात शिसे भरलेले असते. वजन थोडे कमी-जास्त करायचे असेल तर ते शिसे वाढवतात किंवा काढतात. शिसे पितळेहून जड. मी कापताना भोक सोडून कापले अशी माझी समजूत होती. शिशाचा एक तुकडा आत राहिला असणार, सहाच्या बाजूला. ती बाजू जड, म्हणून ती खाली जाते आणि एक वर येतो. सहा बाजू मी मोजल्या, कडा मोजल्या, तोल पाहिला नाही. घरची वस्तू तपासायची असते हे मला सुचले नाही.

दुसऱ्याचे माप चुकले तर मी वजन जप्त करत असे. माझ्या हातून खोटे माप गेले ते माझ्या मुलीच्या हातात. पाच वर्षे दर रविवारी ती ते घेऊन तुमच्याकडे येत होती. तुमच्याच शब्दांत, एक पडला तर पुरता विचका. तिचे किती विचके माझ्यामुळे झाले याचा हिशेब मला करता येत नाही.

तिच्या कागदावर 'लोळण' नावाची एक कला लिहिलेली आहे. त्याचा खुलासा नियमवहीत नाही. तो कळवावा.

आणि एक विचारायचे आहे. तिला हे माहीत होते का?

खोटे माप सापडले की ते मोडायचे असते. मी हा फासा मोडून दुसरा, सरळ, करणार आहे. तोपर्यंत डाव पुढे ढकलावा.

तिचे वडील


२ मार्च

काका, हे पत्र आधी वाचा आणि मग करवत उचला. फासा मोडू नका. मोडू नका. तुमच्या पाया पडतो.

तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पहिलं वर्षभर आम्ही तिला पनवती म्हणायचो. एकावर एक पडायचा. मग ढालला संशय आला. बेकरीतला मोठा कागद आणून त्यानं दोन रविवार तिच्या फेका लिहिल्या. तुमच्याइतक्या नाही, पण कळण्यापुरत्या. कागद तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, वाईट वाटेल तिला. तिनं कागद बघितला, फासा हातात घेतला आणि इतकी हसली, इतकी हसली की खालून लाँड्रीवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

ढाल म्हणाला, "हा घे माझा जुना फासा. तो टाकून दे."

"का म्हणून?"

"अगं, खोटा आहे तो!"

"माझ्या बाबांनी केलाय. तीन रविवार गॅलरीत बसून कानशीनं घासत होते. अख्ख्या शहराची मापं धरणारा माणूस, आणि त्यांचं एकच काय ते चुकलं, ते माझ्याकडे आहे. मी देत नाही." मग आमच्याकडे बोट करून, "आणि त्यांना कुणी सांगायचं नाही. कळलं तर रात्रभर झोपणार नाहीत आणि सकाळी नवा करून देतील. मला नवा नकोय."

लोळण तिथून आली. तिनं माझ्याशी सौदा केला. भिंगरीची तलवार गेली, चिलखत गेलं, आणि बदल्यात एवढंच मिळालं की एक पडला तर विचका नाही, भिंगरी लोळण घेते आणि समोरच्याच्या पाठीमागे उठते. आम्ही चौघांनी त्यावर एक अख्खी दुपार भांडून तो सौदा मंजूर केला. फासा खोटा आहे हे धरूनच. कुणाला फसवलं नाही तिनं. आधी भिंगरी तलवारवाली होती, काका. नेहमीसारखी. उड्या, लोळण, हवेतली गिरकी, हे सगळं त्या फाशानं आणलं. ज्या फाशानं ती पडायची, त्याच फाशानं उठायला शिकली.

मी तुमच्यापासून लपवायला गेलो आणि स्वतःच दाखवून बसलो. ती असती तर म्हणाली असती, "सूत्रधार, तुला साधं खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही."

डाव तेवीस तारखेला ठेवलाय. फासा आहे ना अजून? एका ओळीत तरी कळवा.

सूत्रधार


११ मार्च

चि. सूत्रधारास,

फासा आहे.

तुझे पत्र आले त्या दिवशी तो गॅलरीतल्या शेगड्यात, म्हणजे पकडीत, आवळून ठेवलेला होता. करवत हातात होती. पण मला तुझ्या पत्राने थांबवले नाही. ते टपालपेटीतच पडून होते. तिच्या आईने थांबवले. ती इतक्या दिवसांत त्या खोलीतून एकही वस्तू हलवू देत नव्हती आणि मी तर वस्तू कापायलाच निघालो होतो.

"काय करताय?"

मी सांगितले, फासा खोटा आहे, सरळ करतो.

"माझ्या मुलीची वस्तू सरळ करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी तिला शिशाचे समजावून सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाच वर्षं ती त्याच्याशी जमवून घेत होती, तुम्हाला चार दिवस जमत नाही?" मग पकड तिने स्वतः सैल केली. जेवायला बसलो तेव्हा फासा तिच्या ताटाशेजारी होता. संध्याकाळी तुझे पत्र उघडले.

ते मी तीनदा वाचले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता कामाचे. पुतळा नको.

तुझ्या पहिल्या पत्रात होते की ती शांतपणे गेली. भेटायला येणारे सगळे हेच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, तिची मावशी म्हणाली, खालच्या मजल्यावरचा शिंपीही म्हणाला. मी कुणाला खोडले नाही. तुला सांगतो. ती शांत गेली नाही. मी तिथे होतो. अकरा दिवस तापात होती आणि अकराव्या दिवशी पलंगाची दांडी धरून म्हणत होती, "मला घरी जायचंय, बाबा. कपडे द्या माझे." नर्सचा हात तिने दोनदा झटकला. तिला जायचे नव्हते. ती हरली हे मला मान्य आहे. ती तयार होती हे मी कुणाच्याही तोंडून यापुढे ऐकून घेणार नाही. तिला शोभेल असे मरण, असे तू लिहिलेस. असे मरण नसते. निदान तिच्यासाठी नव्हते.

म्हणून फासा पाठवत नाही. फेक मी केली. काल सकाळी, नाश्त्याआधी, तिच्या टेबलावर, तिच्या आईसमोर. एकदाच.

तीन पडला.

मला एक पडायला हवा होता. एक पडला असता तर लोळण, आणि फाशाचा कलही त्याच बाजूला. मी इथे एक लिहिला असता तरी तुला कळले नसते. पण आयुष्यात पाहिल्यापेक्षा वेगळा आकडा मी कधी लिहिलेला नाही. तीन. झेप फसली. भिंगरी पडली.

आता तुझी नियमवही, पान एकतीस. उंचावरून पडल्यास दर मजल्यामागे एक दम जातो. बुरुज दुमजली, म्हणजे दोन दम गेले. तिच्याकडे तीन होते, तूच लिहिले आहेस. तीनातून दोन गेले, एक उरला. ज्याचा एकही दम उरलेला आहे तो मेलेला नाही, हे पान चारवर आहे.

भिंगरी तुरुंगामागच्या गल्लीत पडलेली आहे. तिला लागले आहे. ती जिवंत आहे. तिचे मरण फाशाने ठरवलेले नव्हते, तुम्ही तिघांनी ठरवले होते. ते मी मान्य करत नाही.

तिचे बाबा


१६ मार्च

काका,

तुमचं पत्र आज टेबलावर मोठ्यानं वाचलं. हॉस्पिटलच्या भागाशी आलो तेव्हा पुढचं आजोबांनी वाचलं, मला जमेना. 'शांतपणे गेली' असं आमच्यापैकी यापुढे कुणी म्हणणार नाही. मी तर नाहीच.

पण भिंगरीबद्दल माझं म्हणणं ऐकून घ्या. नियमवहीचं पहिलं पान, पहिली ओळ : सूत्रधाराचा शब्द शेवटचा. मी म्हटलं बुरुज चार मजली, तर तो चार मजली. मी म्हटलं खाली दगड आहेत, तर दगड आहेत. इतकी वर्षं हा अधिकार मी उगाच वापरला नाही, पण तो आहे.

तो का वापरायचाय तेही खरं सांगतो. भिंगरी मेली तर आम्हाला रडून मोकळं होता येईल. ती जिवंत असली तर दर रविवारी मला त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारावं लागेल, "ती काय करते?" आणि उत्तर यायचं नाही. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणारा माणूस आहे, मला उंचीची भीती नाही आणि अंधाराची नाही. पण हे मला झेपायचं नाही, काका. पुतळा तिच्यासाठी नव्हता. आमच्यासाठी होता.

ढाल माझ्याशी बोलत नाहीये. तो तुमच्या बाजूचा आहे. म्हणतो, "दुमजली म्हणजे दुमजली. काकांनी तीन लिहिलाय रे. तुझी हिंमत झाली असती का तीन लिहायची?"

मला समजून घ्या.

सूत्रधार


१९ मार्च

चि. सूत्रधारास,

समजले. तुझ्या जागी मलाही पुतळाच सोपा वाटला असता. तरीही नाही.

पहिल्या पानावरची पहिली ओळ मी वाचली होती. तिसरी ओळ तू वाचलेली दिसत नाहीस. तुझ्याच अक्षरात आहे : "टाकलेली फेक बदलता येत नाही आणि फेकीनंतर डोंगर हलवता येत नाही." बुरुज दुमजली आहे हे तू ३ फेब्रुवारीला लिहून दिलेस. फेक १० मार्चला झाली. तुझे पत्र माझ्याकडे जपून ठेवलेले आहे. वजन पारड्यात पडल्यावर कुणी काटा हलवायला लागला तर मी त्याचा हात धरत असे. तुझाही धरतो.

आमच्या घरी भेटायला येणाऱ्यांत एकही जण तिचे पुढे काय, असे विचारत नाही. सगळे मागचेच विचारतात. लहानपणी कशी होती, शाळेत कशी होती. तू एकट्याने पुढचे विचारलेस, आणि आता तूच माघार घेतोस.

रिकाम्या खुर्चीला विचारू नकोस. आम्हाला विचार. मी टेबलाशी येणार नाही. गप्पांत मला काही सुचत नाही आणि तुमचा तो जिना चढवत नाही. पत्राने विचार. शनिवारपर्यंत आमचे उत्तर येईल. मी नियम पाहीन आणि फासा टाकीन. पडेल तो आकडा लिहीन. पण काय करायचे हे मी ठरवायचे नाही असे आमच्याकडे ठरले आहे. माझ्या हाती दिले तर भिंगरी कठड्याला धरून चालेल. ते तिची आई ठरवणार.

मी तिला सगळा प्रसंग वाचून दाखवला. गल्ली, लागलेला पाय, एक उरलेला दम, दातातली किल्ली. ती भाजी निवडत होती. मला वाटले ऐकतच नाही. मी विचारले, "मग ती काय करते?"

ती चिडली. "आधी तोंडातली किल्ली काढ म्हणावं! एवढ्या उंचावरून पडली आणि दातात किल्ली धरून बसलीय. गिळली म्हणजे? लहानपणापासून तेच. पिना तोंडात, पेनाचं टोपण तोंडात. हजारदा सांगितलंय."

तिने उरलेली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "आणि उठायची घाई करू नको म्हणावं. आधी श्वास घे. पण ऊठ."

ही आमची पहिली चाल. नोंद करावी.

बाबा


२३ मार्च, टेबलावरून

काका, काकू,

किल्ली हातात घेतली. दात शाबूत आहेत. ढालनं टेबलावर मूठ आपटली, खालून काठी वाजली. पुतळ्याचं चित्र आजोबांनी उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर गल्लीचा नकाशा काढलाय, सोबत जोडतोय. मोजून घ्या, मला माहीत आहे तुम्ही मोजणारच.

भिंगरी श्वास घेते. मग भिंतीला हात टेकून उठते. डावा पाय टेकवत नाही. एक दम.

गल्लीच्या तोंडाशी कंदील दिसतायत. चार पहारेकरी, त्यातला एक जाडा आहे. अजून त्यांनी तिला पाहिलेलं नाही.

ती काय करते?